आजीची भांडी, आईचे दागिने: जुन्या काळी बायका कुणाला काय ठेवून जायच्या? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बरीच वर्षं मी ओळखीपाळखीच्या लोकांना जुन्या भांड्यांवरची नावं वाचून द्यायला मदत करते, त्यातून प्रश्न यायला लागले आणि आता व्हॉट्सॲपवर येतच असतात. दोन वेळा जास्त येतात, एक दिवाळीच्या साफसफाईत माळा उघडला की आणि दुसरं कुणाचं तरी तेरावं झालं की. तेच तेच परत लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी लिहून ठेवते. मी वकील नाही, तेव्हा आजची वाटणी अडली असेल तर वकिलाकडे जा, इथं मुख्यतः जुन्या काळचं आहे. बहुतेक उत्तरं हिंदू घरांबद्दल आहेत कारण प्रश्न तिथलेच जास्त येतात, गोवा आणि मुसलमान घरांबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

१. जुन्या काळी बाईच्या नावावर काही असायचं का? सगळं नवऱ्याचंच ना?

नाही, सगळं नवऱ्याचं नव्हतं. जमीनजुमला, वाडा, वतन हे बहुतेक पुरुषांकडे, ते खरं. पण बाईचं स्वतःचं म्हणून जे असायचं त्याला स्त्रीधन म्हणायचे आणि ते तिचं आहे हे शास्त्रानंही मानलेलं होतं. मनुस्मृतीत सहा प्रकार सांगितलेत: लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी निघताना मिळालेलं, कुणी प्रेमानं दिलेलं, आणि भाऊ, आई, बाप यांनी दिलेलं. पुढं विज्ञानेश्वरानं, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात ज्यानं मिताक्षरा हा वारशाच्या कायद्यात मानला जाणारा ग्रंथ लिहिला त्यानं, ही यादी अजून मोठी केली, वारशानं आलेलं, विकत घेतलेलं, वाटणीत मिळालेलं सुद्धा त्यात धरलं.

आणि हे नुसतं पोथीतलं नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत दक्षमित्रा नावाच्या बाईनं एक खोली दान दिल्याचा लेख आहे, ती नहपान राजाची मुलगी आणि उषवदाताची बायको. राजघराण्यातली होती हे बरोबर, पण कान्हेरीला भिक्षुणींची आणि साध्या घरच्या बायकांचीही दानं कोरलेली आहेत. स्वतःच्या हातात काही असल्याशिवाय स्वतःच्या नावानं दान कसं देणार?

२. भांडी-कुंडी स्त्रीधनात येतात का, की फक्त दागिने?

येतात. लोकांना स्त्रीधन म्हटलं की सोनंच आठवतं. पण लग्नात आलेला तांब्याचा बंब, पितळी घंगाळ, हंडा-कळशी, परात, पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, पानाचा डबा आणि अडकित्ता, पाटा-वरवंटा, गोधड्या, पैठणी, खणाच्या चोळ्या, हे सगळं बाईला दिलेलं असेल तर तिचंच. गरीब घरात तर सोनं एखादी फुली आणि चार मणी एवढंच असायचं, त्यामुळं तिथं खरी इस्टेट म्हणजे भांडीच. अडीनडीला एक हंडा गहाण टाकला की महिना निघायचा.

घराची भांडी आणि बाईची भांडी यात मात्र फरक आहे. सासऱ्यांनी घरासाठी घेतलेली मोठी पातेली घराची, त्यात तिचा वेगळा हक्क नाही. कुठलं कुणाचं हे कळायचं कसं, तर बऱ्याचदा भांड्यावरच लिहिलेलं असतं, प्रश्न ६ बघा.

३. मग बायका मृत्युपत्र करायच्या का?

आज ज्याला विल म्हणतो तसं फार थोड्या. धर्मशास्त्रात मृत्युपत्र ही वेगळी गोष्टच नाही, माणूस गेल्यावर काय कुणाकडे जायचं ते आधीच ठरलेलं. विल आलं ते इंग्रजी अमलात. १८७० चा हिंदू विल्स कायदा आपल्याकडे मुंबई शहराला लागू झाला, म्हणजे तिथं विल लेखी हवं, साक्षीदार हवेत. बाकी जिल्ह्यांत अजून बरीच वर्षं तोंडी सांगितलेलंही चालायचं. १ जानेवारी १९२७ पासून सगळ्याच हिंदूंना विल लेखी आणि दोन साक्षीदारांसमोर करणं बंधनकारक झालं. म्हणून तुमच्या पणजीनं १९१५ साली सातारकडच्या एखाद्या गावात अंथरुणावर पडल्या पडल्या चार माणसांदेखत सांगितलं असेल की माझ्या पाटल्या धाकटीला, तर ते नुसतं बोलणं नव्हतं, ती तिची खरीखुरी व्यवस्था होती.

पण माझं स्पष्ट मत असं की बायकांचा कारभार विलनं चालतच नव्हता, हातानं चालायचा. जिवंतपणीच द्यायचं. डोहाळजेवणाला आलेल्या लेकीच्या हातात गोठ घालायचे, नातीच्या बारशाला वाळे द्यायचे, आणि जे उरलं ते ट्रंकेत ठेवून किल्ली कुणाकडे द्यायची तेही ठरलेलं. किल्ल्यांचा जुडगा कुणाच्या कमरेला गेला हे सगळ्या घराला बरोबर समजायचं.

४. विल नसेल तर कायद्यानं आईचं कुणाला जायचं? मुलांना ना?

इथं बहुतेकांना धक्का बसतो, तर नाही, आधी मुलींना. बापाचं मुलाला आणि आईचं मुलीला असा जुना कायदा होता. गौतमाच्या धर्मसूत्रात सरळ आहे की स्त्रीधन मुलींचं, त्यातही आधी जिचं लग्न झालं नाही ती आणि जिची परिस्थिती बेताची आहे ती. मनूही म्हणतो की आईचं लग्नातलं धन हा कुमारिकेचाच भाग. मिताक्षरेप्रमाणे क्रम असा: लग्न न झालेली मुलगी, मग लग्न झालेली पण गरीब घरात पडलेली, मग चांगल्या घरची, मग मुलीची मुलगी, मग मुलीचा मुलगा, आणि त्यानंतर कुठं स्वतःचा मुलगा. मला हा क्रम फार आवडतो, कारण त्यात गरज बघितलेली आहे, जी लेक अडचणीत तिला आधी.

मुंबई बेट, उत्तर कोकण आणि गुजरातकडं व्यवहारमयूख हा ग्रंथ जास्त मानायचे. तो १७ व्या शतकात नीलकंठ भट्टानं काशीत लिहिला, पण हे भट्ट घराणं मूळचं आपल्या पैठणचं. त्यात थोडा फरक आहे, लग्नानंतर मिळालेल्या भेटी आणि नवऱ्यानं प्रेमानं दिलेलं यात मुलगे आणि लग्न न झालेल्या मुली बरोबरीनं.

५. दागिन्यांत कुठला दागिना कुणाला, असा काही नियम होता का?

कायद्याचा नियम वरचाच, पण घराघरातली रीत वेगळी. ढोबळ रीत अशी की माहेरचं लेकीला आणि सासरचं सुनेला. म्हणजे आईला तिच्या बापानं घातलेलं सोनं तिच्या मुलींकडे जायचं, आणि सासूकडून आलेला घराण्याचा दागिना, मग ती नथ असेल, चिंचपेटी असेल, तोडे असतील, तो त्या घरात राहायचा म्हणजे मोठ्या सुनेकडे. ठुशी, पुतळ्यांची माळ, बोरमाळ, एकदाणी, बुगड्या असल्या जिनसा वजनाला लहान, त्यामुळं या नाती-भाच्यांकडे जायच्या. बाळलेणं, म्हणजे वाळे, बिंदल्या, मनगट्या, चांदीचं बोंडलं, हे कुणा एकाचं नसायचंच, ज्या घरी बाळ होईल तिकडं जायचं आणि परत यायचं. माझ्या माहितीत एक वाळ्यांची जोडी आहे ती पाच घरं फिरली आणि आतले घुंगरू झिजले तरी कुणी मोडली नाही.

मंगळसूत्राबद्दल खूप विचारतात. त्यातल्या दोन वाट्या, एक माहेरची आणि एक सासरची. बाई गेल्यावर काही घरांत ते मोडून नातवंडाच्या अंगठ्या केल्या, काही घरांत माहेरची वाटी लेकीला दिली, काही घरांत देवीला वाहिलं. एकच पद्धत शोधू नका.

जुन्या यादीत वजनं बघितली की गोंधळ होतो, तर ८ गुंजा म्हणजे १ मासा, १२ मासे म्हणजे १ तोळा, आणि तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. सध्या सोनार १० ग्रॅमला तोळा म्हणतात, त्यामुळं आजीच्या "चार तोळ्याच्या पाटल्या" आजच्या हिशोबात थोड्या जास्त भरतात, कुणी तुमच्यात खोट काढायच्या आधी हे लक्षात घ्या.

६. भांड्यांवर टिंबाटिंबांनी नावं आहेत. ती कशी वाचायची, त्यावरून काय कळतं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. आपल्याकडे बाईचं मृत्युपत्र कुठं आहे असं विचारलं तर मी म्हणेन, माळ्यावर, भांड्यांच्या बुडाशी आणि काठाशी.

नाव घालणारा छिन्नी आणि हातोडीनं टिंबं मारत अक्षर काढायचा, म्हणून अक्षरं वाकडी असतात, वेलांट्या अर्ध्या असतात, जागा संपली की गावाचं नाव खाली मुडपलेलं असतं. आधी भांडं चिंचेनं घासून घ्या, जोरात खरवडू नका, मग खिडकीशी नेऊन उजेड बाजूनं पडेल असं धरा आणि थोडं तिरकं करून फोटो काढा, फ्लॅश नको.

मग नावाच्या आधीची अक्षरं बघा, सगळी गोष्ट तिथंच आहे. "चि. सौ. कां." असेल तर लग्नातली भेट. "सौ." असेल तर लग्नानंतरची, मंगळागौर, डोहाळजेवण, वास्तुशांत असं काहीतरी. "गं. भा." असेल तर ती बाई तेव्हा विधवा होती, गंगा भागीरथीचं ते छोटं रूप. "ती." म्हणजे तीर्थरूप, मोठ्यांसाठी. "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" असेल तर कुणीतरी गेल्यावर वाटलेलं भांडं. एकाच बाईची तीन भांडी मिळाली आणि त्यावर तिन्ही वेगळं असेल तर समजा तिचा अख्खा जन्म तुमच्यासमोर मांडून ठेवलाय.

साल शके मध्ये असेल तर ७८ मिळवा, म्हणजे शके १८७० हे १९४८ साल (वर्षाचे शेवटचे तीनेक महिने ७९ मिळवायचे).

एक घोळ नेहमी होतो. नाव ओळखीचं लागत नाही, घरात या नावाचं कुणी नव्हतंच असं लोक कळवतात. तर जुन्या लग्नात नवरीचं नाव बदलायचे, ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहायचं, आणि आहेराच्या भांड्यांवर कधी माहेरचं तर कधी हे नवं नाव पडायचं. दोन्ही नावं शोधा. मला याचं फार वाईट वाटतं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही कितीतरी आज्यांचं माहेरचं नाव सांगता येत नाही, एखाद्या तांब्यावर मात्र ते अजून आहे.

७. देवघरात तीन अन्नपूर्णा आहेत. चूक आहे का? कुणाच्या?

चूक कसली. गौरीहराला पुजायची अन्नपूर्णा नवरीला माहेरहून मिळते, बाळकृष्णही देतात. तीन अन्नपूर्णा म्हणजे त्या घरात तीन जणी आपापली घेऊन आल्या. बऱ्याच घरांत बाई गेल्यावर तिची अन्नपूर्णा सासरच्याच देवघरात राहते, काही ठिकाणी एकुलत्या एक लेकीनं नेल्याचं मला माहीत आहे. जास्त मूर्ती नकोत म्हणून कुणी विसर्जन करायला सांगतात, तो तुमचा प्रश्न, पण त्याआधी कुठली कुणाची ते घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारून घ्या. त्यांना नुसत्या हातात घेऊन कळतं.

८. सुनेला कायद्यानं काहीच नव्हतं का? सासूची सेवा तर तीच करायची.

जुन्या क्रमात सून जवळपास नव्हतीच. मुली, नाती, नातू, मुलगे असं जायचं (प्रश्न ४). म्हणून सुनेला द्यायचं तर सासूला जिवंतपणी हातानंच द्यावं लागायचं, आणि तशा कितीतरी सासवा देऊन गेल्या. सासूनं आजारपणात उशाखालची पुरचुंडी काढून धाकट्या सुनेला दिली आणि "माझ्यामागं कुणाला दाखवू नको" म्हणाली, ही गोष्ट मला वेगवेगळ्या गावांतून एवढ्या वेळा आलीय की नाव-गाव झाकलं तर एकच घर वाटेल. सासू-सुनेचं वाकडंच असायचं असं म्हणतात, या पुरचुंड्या बघितल्या की मला ते खरं वाटत नाही.

९. मैत्रिणींना, शेजारणींना, कामवालीला काही ठेवायच्या का? की सगळं नात्यातच?

ठेवायच्या, पण कागदावर नाही म्हणून दिसत नाही. शेजारणीबरोबर तीस वर्षं पापड लाटलेले असायचे, तिला पोळपाट द्यायचा, मोठी चिनीमातीची बरणी द्यायची, विरजणाचं भांडं द्यायचं. बाळंतपणं केलेल्या सुईणीला लुगडं-चोळी आणि एखादं भांडं. घरी वर्षानुवर्षं राबलेल्या बाईला नेसती लुगडी, अंथरूण, तांब्या. कधी हे दान म्हणून व्हायचं. शेवटच्या आजारात दशदानं द्यायची पद्धत होती, गाय, जमीन, तीळ, सोनं, तूप, वस्त्र, धान्य, गूळ, चांदी आणि मीठ, सगळं कुणाला परवडणार, मग गाईच्या जागी चार पैसे ठेवायचे.

मोठी भांडी आळीला किंवा देवळाला द्यायची चालही होती. पन्नास माणसांचा भात होईल असं पातेलं एका घरात पडून काय उपयोग, तेच देवळात दिलं की गावातल्या प्रत्येक लग्नाला लागतं. तुमच्या गावच्या देवळातली जुनी भांडी एकदा उलटी करून बघा, "स्मरणार्थ" लिहिलेली बायकांची नावं हमखास सापडतील.

१०. विधवा बाईकडे काय उरायचं? ती काय देणार?

हे लिहिताना त्रास होतो पण लिहायलाच हवं. दागिने अंगावरून उतरायचे, रंगीत लुगडी जायची, काही जातींत केशवपनही. पण उतरलेले दागिने तिचे राहायचे, कायद्यानं तरी. मनूचंच वचन आहे की नवरा जिवंत असताना बायकांनी अंगावर घातलेले दागिने वारसांनी वाटून घेऊ नयेत, घेतील ते पतित. प्रत्यक्षात दीर-पुतण्यांनी काढून घेतले अशी उदाहरणं प्रत्येकाच्या घरात निघतील.

जिथं राहिले तिथं या बायकांनी ते किती विचार करून दिले. स्वतः घालायचे नाहीतच, मग भाचीच्या लग्नात, पुतणीच्या लग्नात एकेक जिन्नस निघायचा. आणि त्यांची नेहमीची चीजवस्तू म्हणजे सोवळ्याची धाबळी, पंचपात्र आणि पळी, जपाची माळ, पोथ्या रुमालात बांधलेल्या, एक पाट, एक वेगळा तांब्या, आणि काशीहून आणलेला, गंगेचं पाणी भरून तोंडाला डाग देऊन बंद केलेला गडू. या गडूबद्दल शेवटचा प्रश्न बघा.

नवऱ्याची जमीन तिच्याकडे आली तरी ती हयातीपुरती, विकायला किंवा दुसऱ्याला द्यायला मोठं कारण लागायचं. १९३७ च्या कायद्यानं विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा मिळाला तो सुद्धा हयातीपुरताच. गंमत म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यात बापाकडून मुलीला वारशानं आलेलं तिचं पूर्ण मालकीचं मानायचे, म्हणजे एकाच बाईच्या दोन जमिनी, बापाची पूर्ण आणि नवऱ्याची अर्धवट हक्काची.

११. नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं दागिने मोडले तर? परत द्यावे लागायचे का?

याज्ञवल्क्य या स्मृतिकारानं चार प्रसंग सांगितलेत जेव्हा नवऱ्यानं बायकोचं धन वापरलं तर परत करायची सक्ती नाही: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण, आणि तो स्वतः कैदेत अडकला असेल तेव्हा. बाकी कशासाठी घेतलं तर परत द्यायचं, आणि हे फक्त नवऱ्याला, सासरा, दीर, मुलगा यांना ती सवलत नाहीच. माहेरासासरच्या माणसांनी प्रेमानं दिलेलं तर ती वाटेल तसं विकू शकते, देऊ शकते असं कात्यायन हा दुसरा स्मृतिकार म्हणतो. पण बाईनं स्वतः सूत कातून, शिवणटिपण करून मिळवलेल्या पैशावर नवरा असेपर्यंत नवऱ्याची सत्ता मानली, हा अन्यायच होता, जे दान मिळालं ते तिचं आणि जे कष्टानं कमावलं ते त्याचं.

आजचं विचारत असाल तर सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय की स्त्रीधन पूर्णपणे बायकोचं, सासरच्यांच्या ताब्यात असलं तरी ते नुसते सांभाळणारे.

१२. मूलबाळ नसेल तर? आणि लग्नच झालं नसेल तर?

मूल नसेल तर लग्न कुठल्या प्रकारचं त्यावर होतं. ब्राह्म वगैरे मान्य चार प्रकारांतलं असेल तर नवऱ्याकडे, बाकी प्रकारांत, म्हणजे मुलीबद्दल पैसे घेऊन लावलेलं लग्न असेल तर परत तिच्या आईबापांकडे. लग्न न होताच मुलगी गेली तर तिचं सख्ख्या भावांना, ते नसतील तर आईला, मग बापाला.

१३. विधवेनं दुसरं लग्न केलं तर पहिल्याचं सगळं जायचं का?

पहिल्या नवऱ्याकडून वारसा म्हणून आलेलं जायचं, १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्यातच तसं होतं. लग्न करायला परवानगी दिली आणि त्याच कागदात मिळकत काढून घेतली. तिचं स्वतःचं स्त्रीधन मात्र तिचंच.

आपल्याकडचं प्रसिद्ध उदाहरण डॉ. रखमाबाईंचं, आपल्याकडच्या सुरुवातीच्या डॉक्टर बायकांपैकी त्या एक. त्यांच्या आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या, आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न करायच्या आधी त्यांनी नवऱ्याकडून आलेली मिळकत लहानग्या रखमाबाईंच्या नावे करून दिली. आईनं लेकीला दिलेलं हे सगळ्यात मोठं देणं असं मला वाटतं. पुढं रखमाबाईंचा नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये रखमाबाईंना नांदायला आणण्यासाठी दावा लावला तेव्हा त्यामागं या मिळकतीवरचा डोळा होता असं रखमाबाईंच्या बाजूनं म्हटलं गेलं.

१४. "चोळी-बांगडीसाठी जमीन" असा उल्लेख कागदात आहे. ती बाई ती जमीन कुणाला देऊ शकायची?

चोळी-बांगडी म्हणजे बाईच्या स्वतःच्या खर्चाला तोडून दिलेलं उत्पन्न. कुणाला शेताचा तुकडा, मोठ्या घराण्यात अख्खं गाव. ती देऊ शकायची का हे ज्यानं दिलं त्यानं काय लिहून दिलं त्यावर. नारदस्मृतीचा नियम असा की नवऱ्यानं प्रेमानं दिलेलं बाईनं हवं तसं वापरावं, द्यावं, फक्त जमीन सोडून. म्हणजे उत्पन्न तिचं, जमीन तिला उडवता येत नाही. माहेरच्यांनी दिलेली जमीन असेल तर गोष्ट वेगळी, ती तिला देता यायची.

सगळ्यात मोठं उदाहरण होळकरांची खासगी. १७३४ साली पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी जहागीर दिली, तिचा हिशोब दौलतीपासून वेगळा. त्यांच्यामागं ती सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. सासूकडून सुनेला आलेल्या या पैशातून काय काय उभं राहिलं ते काशीपासून पुढं आपल्याला माहीत आहेच. प्रश्न ८ वाचून ज्यांना वाईट वाटलं त्यांनी हे वाचा.

१५. आम्ही गोव्याचे. आमच्याकडे हेच सगळं लागू का?

नाही. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेचा वारसा आहे, तिथं वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर नवरा-बायकोची मिळकत एकत्र, अर्धी त्याची अर्धी तिची. आणि स्वतःच्या वाट्यापैकीही सगळं हवं त्याला देता येत नाही, मुलं असतील तर अर्धं त्यांच्यासाठी राखीव. म्हणजे आज बाईनं विल केलं तर घरच्या एकूण मिळकतीचा साधारण चौथा हिस्सा तिच्या मर्जीचा. वाटणीला तिथं सगळ्या वस्तूंची यादी करायची पद्धत आहे, त्यात भांडी आणि फर्निचर सुद्धा येतं, त्यामुळं गोव्यातल्या मंडळींकडे जुने कागद चांगले सापडतात.

१६. मुसलमान घरांत कसं होतं?

बाईची मिळकत, मेहर (लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायचं ठरलेलं) धरून, तिची स्वतःची, लग्नानं ती नवऱ्याची होत नाही. वारसांचे हिस्से ठरलेले, आणि मृत्युपत्रानं एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, ते साधारणपणे जे वारस नाहीत त्यांना. म्हणजे मैत्रिणीला, सांभाळलेल्या मुलीला द्यायला तिच्याकडे कायद्यानं जागा होती.

१७. इंग्लंडमध्ये बायका फार पूर्वीपासून विल करायच्या, मग आपल्याकडेच का नाही?

तिथं विल करायच्या त्या मुख्यतः विधवा आणि अविवाहित. त्यांची विलं वाचण्यासारखी असतात, हे गादीचं अंथरूण भाचीला, तो पितळी हंडा मोलकरणीला असं एकेक लिहिलेलं. पण नवरा असलेल्या बाईला १८८२ च्या कायद्यापर्यंत नवऱ्याच्या संमतीशिवाय सहसा विल करताच येत नव्हतं, तिच्या जंगम वस्तू लग्न झालं की त्याच्याच. त्यामानानं प्रश्न ११ मधला कात्यायन बघा.

१८. मोडीत एक "याद" सापडलीय, खाली बांगडीसारखं काहीतरी काढलंय. हे विल आहे का?

बहुतेक विल नाही, याद म्हणजे यादीच. लग्नात ठरलेल्या देण्याघेण्याची याद करायचे, "यादी पे शादी" म्हणतात त्यातली यादी ती हीच. त्यात दागिने, भांडी, मानपान सगळं ओळीनं असतं आणि पुढं स्त्रीधन कुठलं यावर वाद झाला तर हा कागद फार कामाचा. नुसत्या यादीशिवाय बक्षीसपत्र, वाटणीपत्र, सोडपत्र असे वेगळे कागदही असतात, ते पहिल्या दोन ओळींतच कळतं. खालची बांगडी म्हणजे सही. लिहिता न येणारा कुणबी नांगर काढायचा आणि बाईची निशाणी बांगडी. पुढं त्याच्या जागी अंगठा आला. कागदाला प्लॅस्टिकचं लॅमिनेशन अजिबात करू नका, आधी चांगला फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा, पुण्यात पुराभिलेखागाराच्या आसपास असे लोक भेटतात.

१९. आत्या म्हणते "आईनं तोंडी मला सांगितलं होतं", काका म्हणतात कागद दाखव. बरोबर कोण?

आजी कधी गेली ते बघा. १७ जून १९५६ च्या आधी गेली असेल तर जुना क्रम, म्हणजे स्त्रीधनावर मुलींचा हक्क आधी, तेव्हा आत्याला कागदाची गरजच नसायची, उलट काकांना दाखवावा लागला असता. त्यानंतर गेली असेल तर हिंदू वारसा कायदा, त्यात विल नसेल तर मुलगे, मुली आणि नवरा बरोबरीनं. तोंडी विल चालत नाही (प्रश्न ३). पण आजीनं जिवंतपणी वस्तू हातात दिली असेल तर ती भेट झाली, ती वाटणीत येतच नाही. "सांगितलं होतं" आणि "दिलं होतं" यात सगळा फरक आहे.

दागिने आणि भांडी यांच्यावरून भाऊबहिणी दहा-दहा वर्षं बोलत नाहीत, आमच्याही नात्यात एक नथ अशीच बँकेच्या लॉकरमध्ये पडून आहे आणि जिनं ती घालायची ती आता साठीची झाली. एका घरानं चांगला तोडगा काढला, चार बहिणी आणि एक नथ, तर ज्या घरी लग्न तिथं नथ, वर्षभर ठेवायची आणि पुढच्या कार्याला पाठवायची, सोबत एक वही, त्यात कुणी कधी घातली ते लिहायचं. कायद्यात असलं काही नाही पण गेली चौदा वर्षं चाललंय.

२०. पणजीचा सीलबंद गंगेचा गडू तसाच राहिलाय. उघडायचा का? कुणाचा?

काशीयात्रेहून आल्यावर मावंदं घालायचे, गंगापूजन करायचे, आणि तांब्याचे छोटे डाग दिलेले गडू जवळच्यांना द्यायचे, एखादा स्वतःसाठी ठेवायचे, शेवटच्या घोटासाठी. तुमच्या पणजीचा राहिला म्हणजे कदाचित ती अचानक गेली, किंवा तो तिनं दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला होता. मला एकींनी लिहिलं होतं की त्यांच्या गडूला सुतानं एक चिठ्ठी बांधलेली होती, आणि त्यावर मुलाचं, सुनेचं नाव नव्हतं, समोरच्या माडीवर राहणाऱ्या मैत्रिणीचं होतं. त्या आधी गेल्या, मैत्रीण नंतर, आणि मधल्या गडबडीत गडू द्यायचा राहून गेला. मग त्यांनी त्या मैत्रिणीच्या नातीला शोधून काढलं, ती आता नागपूरला असते, आणि तिच्याकडे नेऊन दिला. तुमच्या गडूच्या गळ्याशी सूत असेल तर कापू नका, आधी नीट बघा.